माझा भाऊ ड्युटीवर मरतो

भुताच्या सिनेमातला हिरो नोकरी नेमकी काय करतो, हे मला कुणीतरी एकदा बसवून समजावून सांगा. म्हणायला आर्किटेक्ट असतो. कागदाची गुंडाळी काखेत धरून एकदा गाडीतून उतरला की झालं त्याचं करिअर. मग महिनाभर बायकोला घेऊन डोंगरावरच्या बंगल्यात राहतो, जिन्यावर कोण चालतंय ते ऐकत बसतो, आणि ऑफिसातून एक फोन येत नाही. बाबा रे, रजेचा अर्ज कुठाय, असं त्याला कोणी विचारत नाही. मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सेठकडे बिलिंगला आहे. जीन्सच्या चेन आणि बटणांचा होलसेल धंदा. मला थोडा जरी उशीर झाला तरी सेठ घड्याळाकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो, आणि ते जास्त लागतं. माझ्या घरात भूत शिरलं तर मी त्याला सरळ सांगेन, रविवारी ये, एरवी मला जमणार नाही.

हिरोईन एनजीओत असते. तिथे ती काय करते, देव जाणे. एकदा पोरांना फुगे वाटते आणि केस मागे करते. शास्त्रज्ञ निळं पाणी लाल पाण्यात ओततो आणि स्वतःच दचकतो. माझे बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत फोरमन होते. ते असला शास्त्रज्ञ बघून टीव्हीवर खेकसायचे, "हातमोजे कुठायत तुझे? याला आधी गेटबाहेर काढा रे!"

मग या सिनेमांत खरोखर ड्युटीवर असतं कोण? वॉचमन असतो. वॉर्डबॉय असतो. लॉजच्या काउंटरवर चावी देणारा असतो, लिफ्टवाला असतो, पार्सल घेऊन आलेला कुरियरवाला असतो. आणि नेमका तोच मरतो. जो बिचारा वेळेवर कामावर आला, तो इंटर्व्हलच्या आधी खलास. हिरो कामावर जातच नाही, म्हणून वाचतो. असली शिकवण देतात आणि वर तिकीट लावतात.

मी एवढी तावातावाने बोलते, कारण तो मरणारा माणूस बऱ्याचदा माझा सख्खा धाकटा भाऊ असतो.

तो नट आहे. पोस्टरवर असतो तसला नाही. त्याचा चेहरा कुठेतरी बघितलेला वाटतो, पण कुठे ते आठवत नाही. कास्टिंगवाल्यांनी त्याला तोंडावर सांगितलंय, "तुझा चेहरा नोकरी करणाऱ्या माणसाचा आहे." ज्याने आयुष्यात एक दिवस नोकरी केली नाही, त्याच्या तोंडावर लोकांना नोकरी दिसते, आता बोला. भुताचे सिनेमे, क्राइमच्या सिरियली, वेब सिरीज, सगळीकडे तो कामाला असतो. बँकेत कॅशियर झाला, दरोड्यात गेला. फॉरेस्ट गार्ड झाला, बिबट्याच्या अंगात शिरलेल्या कसल्यातरी शक्तीने नेला. शवागारात अटेंडंट झाला, तेव्हा मढं उठून बसलं आणि हा आडवा झाला. आमच्या सेठला क्राइमच्या सिरियलींचं भारी वेड. सकाळी मी दुकानात पाऊल टाकायच्या आत त्याची आरोळी, "अरे बेटा, तेरा भाई कल फिर मर गया!" आणि मग हातातला वडापाव माझ्यापुढे करायचा, सुतकाच्या घरी जेवण पोचवावं तसा.

घरी जेवताना बाबा विचारायचे, "आज कुठे होतास कामाला?"

"हॉस्पिटलमध्ये. वॉर्डबॉय."

"पर्मनंट?"

"नाही बाबा. दुपारी मेलो."

मी खो खो हसायचे. बाबा हसायचे नाहीत. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे पंचिंगचं कार्ड, कँटीनचं कूपन, दिवाळीला मिठाईचा डबा. त्यांची कंपनी बंद पडून किती वर्षं झाली, गेटवर पिंपळ उगवलाय, तरी सकाळचा भोंगा व्हायच्या वेळेला ते आजही दाढी करून तयार असतात. सोसायटीत कोणी मुलाचं विचारलं की म्हणायचे, "खाजगीत आहे." कुठल्या खाजगीत, ते कोणी विचारायच्या आत यांना भाजी आणायची आठवण व्हायची.

माझं लग्न हा विषय आमच्याकडे बाबांच्या कंपनीसारखाच कायमचा बंद झालाय, त्यावर बोलायचं नाही. त्यामुळे आई गेल्यावर सगळ्या मावश्यांचा मोर्चा भावाकडे वळला. आणि एका मावशीने खरंच चांगलं स्थळ आणलं. मुलगी बदलापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायला. घर चिखलोलीला, नव्या टॉवरमध्ये. वडील एका कंपनीत क्वालिटीत ऑफिसर.

भाऊ तिला दोनदा भेटला, घरच्यांना सांगूनच, स्टेशनजवळच्या ज्यूस सेंटरवर. पहिल्याच भेटीत त्याने खरं काय ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला माहितीय. तुम्हाला मी शवागारात बघितलं होतं." म्हणे तिच्या लॅबमध्ये सगळ्या मुली त्या सीनला किंचाळल्या आणि ही म्हणाली, मेल्यावर हात असाच पडतो, बरोबर केलंय. झालं! पोरगा गेला कामातून. घरी येऊन मला म्हणतो, "ताई, माझं काम बघून 'बरोबर केलंय' असं पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं गं." असा हरखलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. ती एवढंच म्हणाली होती, की पप्पांना तुमच्या कामाचं मी हळूहळू सांगते, त्यांना घाई चालत नाही.

आमच्या घरच्यांना मात्र घाई झाली होती. मावशीने बायोडेटाबरोबर पाठवायला फोटो मागितला. भावाच्या फोनमध्ये हजार फोटो, पण एक धड नाही. एकात खाकी गणवेश आणि डोक्यातून रक्त. एकात पोस्टमन. एकात स्वतःच्याच हार घातलेल्या फोटोशेजारी हसत उभा. शेवटी बाबांनी चष्मा लावून एक निवडला. कोट, टाय, गळ्यात निळ्या पट्ट्याला आयकार्ड, मागे बँकेचं काउंटर. दरोड्याच्या सिरियलीतला, गोळी लागायच्या आधीचा. "हा बरा दिसतो," बाबा म्हणाले. बायोडेटात नोकरीपुढे त्यांनी 'खाजगी क्षेत्र' लिहिलं. खोटं एक अक्षर नाही, आणि खरंही नाही. भाऊ "बाबा, अहो, नको" म्हणेपर्यंत मावशीने तो चिखलोलीला पाठवलासुद्धा.

मग एका रविवारी सकाळी आम्हाला बोलणी करायला बोलावलं. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. मी पेढे घेतले. भावाने केस तीनदा विंचरले, मी म्हटलं, अरे मेकअप दादा नाहीये इथे, पुरे आता.

घर चकाचक. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, बसलं की कर्र वाजायचं. पोहे आले, चहा आला. मुलगी ट्रे ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि भावाकडे बघून जरासं हसली. मी मनात म्हटलं, जमलं.

तेवढ्यात तिच्या वडिलांनी मोबाइल काढला. भावाचा तो फोटो उघडला आणि दोन बोटांनी ताणला. चेहरा नाही, आयकार्ड ताणलं. क्वालिटीतला माणूस, माल तपासल्याशिवाय आत घेईल कशाला?

"साहेब," ते बाबांना म्हणाले, "ही 'जनसमृद्धी महाबँक' कुठली? मी अंबरनाथला विचारलं. कल्याणला विचारलं. माझा साडू बँकेत आहे, त्यालाही विचारलं. अशी बँकच नाही म्हणतात."

कशी असेल? सिरियलवाल्यांनी टेबलावर बसून काढलेलं नाव ते. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण भावाने मला हाताने थांबवलं.

"काका, मी बँकेत नाही," तो म्हणाला. "मी नट आहे. तो फोटो शूटिंगचा आहे. चूक आमची आहे."

"नट म्हणजे काय करता?"

"छोटी कामं असतात. वॉचमन, वॉर्डबॉय. बहुतेक वेळा मरतो."

"मरता?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "ते काय काम झालं? मरायला कोणालाही येतं. दाखवा बघू."

मुलगी दारातून म्हणाली, "पप्पा, काहीतरीच काय!" पण पप्पांना सँपल हवं होतं. मला असा संताप आला की पेढ्यांचा बॉक्स उचलून तडक घरी जावं. माणूस लग्नाची बोलणी करायला आलाय की गारुड्याचा खेळ करायला? पण भावाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान डोलावली. त्याला ती हवी होती, एवढं साधं होतं ते. उंबऱ्यावर डोकं आपट म्हणाले असते तर तेही केलं असतं त्याने.

तो उठला नाही. तसाच बसून राहिला, हातात कप. वॉचमन खुर्चीत बसतो तसा जरा पाय पसरून, जरा पेंगत. मग त्याला शोकेसच्या मागे काहीतरी दिसलं. तिथे एक गणपती आणि नवऱ्या-बायकोच्या सिमल्याच्या ट्रिपचा फोटो, बाकी काही नव्हतं. पण देवाशपथ सांगते, मीसुद्धा तिकडे बघितलं. त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. कप सुटला. तो अर्धवट उठला, छाती धरली, टीपॉयला आदळला आणि सोफ्याच्या कडेला पाठीवर पडला. डोळे उघडे. हात तसाच पडला, तिने म्हटल्यासारखा. चहा फरशीवरून पसरत चालला.

"अरे बाळा!"

बाबा ओरडले. जमिनीवर गुडघे आपटत ते त्याच्यापाशी गेले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गालावर चापट्या मारत राहिले, "ए बाळा, ए बाळा, अहो, पाणी आणा कोणीतरी!" बाबांनी त्याचा एकही सीन कधी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. घरात त्याचं काम लागलं की ते दूध आणायला निघून जायचे. मला वाटायचं, त्यांना लाज वाटते पोराची. कसली लाज! त्यांच्याच्याने बघवत नव्हतं.

"बाबा, मी ठीक आहे," भाऊ पडल्या पडल्या पुटपुटला. "अ‍ॅक्टिंग आहे बाबा."

बाबांनी त्याच्या खांद्यावर एक फटका ठेवून दिला. मग दुसरा. मग त्याला सोडेचनात.

काकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या बायकोने भिंतीला धरलं होतं, तीही हसली. "मान गये! वा!" काका म्हणाले. "एकदम ओरिजिनल. अहो, लॉजच्या त्या सिरियलीत चावी देणारा तुम्हीच ना? तरी मी म्हणतोय, कुठेतरी बघितलंय यांना!" किती खूश झाला होता तो माणूस. मला वाटलं, बाबांचे गुडघे फुकट गेले नाहीत.

सगळे पुन्हा सोफ्यावर बसले. कर्र. काकांनी घसा साफ केला.

"साहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलगा गुणी आहे. पण आम्हाला नोकरीवाला हवा. उद्या मुलीला काय सांगू, नवरा आज कुठे मरायला गेलाय? लग्नाचं आपण इथेच थांबवू."

दारात मुलगी उभी होती. "पप्पा..." एवढंच ती म्हणाली. पप्पांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. भावाने मान खाली घातली, शर्टावर सांडलेला चहा बोटाने पुसत राहिला. मी पर्स उचलली. बाबा चपला शोधायला वाकले.

"अहो थांबा, थांबा," काका म्हणाले आणि लगबगीने भावाच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्याच्या खांद्यावर हात टाकला. "आलात तसे एक फोटो होऊन जाऊ दे. कंपनीच्या ग्रुपवर टाकतो, पोरं वेडी होतील. तुम्ही जरा घाबरल्यासारखं करा, ते मघाचं." आणि मोबाइल त्यांनी मुलीकडे दिला. "घे गं, काढ."

तिने मोबाइल हातात घेतला. तिचे डोळे भरले होते, तिला ते दोघं त्या स्क्रीनवर दिसत असतील की नाही कोण जाणे. आणि माझ्या भावाने, त्या भल्या माणसाने, खरंच तोंड तयार करायला घेतलं. भुवया वर, ओठ उघडे. त्याला तशी सवय आहे, लोक म्हणतील ते करायची.

बाबा एक चप्पल पायात, एक हातात, तसेच मागे आले. काकांचा हात त्यांनी भावाच्या खांद्यावरून उचलून बाजूला केला.

"फोटो फुकट नाही मिळणार," बाबा म्हणाले. "नोकरी आहे त्याची ती."