दस्तीखालचा शब्द

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात, मुलीकडच्यांशी खुर्च्यांच्या भाड्यावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि त्यांना म्हणालो, "तुम्ही म्हणाल तो भाव." मंडपाच्या धंद्यात आयुष्य गेलं, पण हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. ते लोक घाबरून एकमेकांकडे बघायला लागले...

हमीदभाई दौलताबादचा. किल्ल्याच्या रस्त्याला त्याचा तबेला होता आणि वरातीच्या घोड्या भाड्यानं देणं हा त्याचा धंदा. मी दुसऱ्याच्या सतरंज्या डोक्यावरून वाहत होतो तेव्हापासूनची आमची ओळख. पुढं माझा स्वतःचा मंडप उभा राहिला आणि दर लग्नसराईत घोडीच्या भावावरून आमचं वाजायला लागलं. भोवती दुसरे मंडपवाले कान देऊन उभे असायचे, म्हणून भाव तोंडानं बोलायचा नाही. बैलबाजारातली रीत त्यानं घोड्यांना लावली होती. खांद्यावरची लाल चौकड्यांची दस्ती, मोठा रुमालच तो, दोघांच्या हातांवर टाकायची आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगायचा. मी एक बोट कमी धरलं की तो ओरडायचा, "काय सेठ, घोडी मागायलास का कोंबडी?" मी म्हणायचो, "तुझी घोडी वरातीत झोपती. नवरदेवाला उतरून ढकलावं लागतं!" पण दस्तीखाली बोटं जुळली की विषय संपला. चिठ्ठी नाही, सही नाही. तो शब्द आमच्यात कधी कुणी फिरवला नाही.

थकलेली घोडी तो विकत नसे. चंदा आंधळी झाली तेव्हा गिऱ्हाईक दारात आलं होतं. हमीदभाईनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. "हिनं इतके नवरदेव पोचवले सेठ, हिला मी कुठं पोचवू?" तबेल्याबाहेर रस्त्याला लागून त्यानं एक हौद बांधला होता. रोज सकाळी विहिरीचं पाणी त्यात सोडायचा. धनगरांची मेंढरं, मोकाट कुत्री, कुणीही यावं आणि प्यावं.

मागच्या वर्षी दुखणं निघालं. तो मला घेऊन वकिलाकडे गेला. घर आणि धंदा दोन्ही मुलांना; तबेल्याची जागा, विहीर आणि हौद म्हाताऱ्या घोड्यांसाठी, त्यांच्यानंतर गावातल्या मुक्या जनावरांसाठी. वकील म्हणाले, "तुमच्या कायद्यानं वारस सोडून दुसऱ्या कुणाला एक तृतीयांशच देता येतं. हे त्याहून जास्त होतंय. मुलांची संमती लागेल, आणि तीही तुमच्या माघारी दिलेली." हमीदभाई हसला. "माघारी विचारायला कोण येणार, वकीलसाब? मी आत्ताच हात घेतो."

आणि खरंच घेतला. खाटेवर बसून, दस्ती टाकून, आधी थोरल्या जावेदचा आणि मग धाकट्याचा. माझ्यासमोर. दोघांनीही बोटं दाबली. घोडीच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून सांभाळायला माणूस लिहावा लागतो. तिथं त्यानं माझं नाव घातलं होतं. मला न विचारता! मी तिथंच भडकलो. "अरे, माझ्याशी भाव तरी करायचा." तो म्हणाला, "तू घासत बसला असतास. मेरे पास उतना टाइम नई रे सेठ..." तो राग अजून माझ्या छातीत आहे. मरणाऱ्या माणसाशी घासाघीस करता येत नाही, हे त्याला बरोबर माहीत होतं.

हमीदभाईचा चाळिसावा झाला आणि जावेदनं नाही म्हटलं.

"चाचा, अब्बा आजारी होते. त्यांचं मन राखलं आम्ही."

"दस्तीखाली हात दिलास ना?"

"दस्ती कोर्टात चालती का?"

मी लई ओरडलो. तो आवाजही न चढवता म्हणाला, "माझ्या पोरी शिकायल्यात, चाचा. आंधळ्या घोडीला विहीर अन् त्यांला काय? आणि तुम्ही तर बाहेरचे." कायदा त्याच्या बाजूनं होता, वकिलांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. बाहेरचा... हमीदभाईच्या मयतीला खांदा देताना मी बाहेरचा नव्हतो.

एक तृतीयांश म्हणून मागची खडकाळ पट्टी घोड्यांच्या वाट्याला आली. तिला ना विहीर, ना रस्ता. पुढची जागा मुलांनी विकली आणि तारेचं कुंपण पडलं. हौदात आता सिमेंटच्या गोण्या ठेवल्यात. विहिरीवरून एक नळी तरी सोडा म्हणून मी सगळे सौदे करून पाहिले. वाढवून पाहिलं, धमकावून पाहिलं, शेवटी हात जोडले. नव्या मालकानं नकारार्थी मान हलवली, बस्स. टँकरचं पाणी कुंपणावरून पिंपात ओततो, चाराही वरूनच टाकतो. घोड्या तीन होत्या, उन्हात एक गेली. आंधळी घोडी न्यायला कुणी तयार नाही. माझे गुडघे गेलेत, मुलगा म्हणतो, सोडून द्या. कुठं सोडू? उन्हाळा अजून सरलेला नाही, आणि मला यातून वाट दिसत नाही.

दस्ती मागितली ती मात्र जावेदनं लगेच दिली, डोळे खाली घालून. चंदा परक्याच्या हातचं पाणी पीत नाही, म्हणून तारेतून वाकून आत शिरलो की दस्ती खांद्यावर टाकतो. मी ती धुतलेली नाही. तरी हमीदभाईचा वास उतरत चाललाय. हल्ली चंदा जवळ येते, हुंगते आणि घटकाभर तशीच उभी राहते, माणूस ओळखीचा की परका, ते ठरत नसल्यासारखी. मग मी हातावर दस्ती टाकून पुढं करतो. हमीदभाई तिला दस्तीखालीच गूळ द्यायचा. ती तोंड आत घालते. मी बोटं पसरून धरतो... किती म्हणतोस, हमीदभाई? आतून कुणी बोट दाबत नाही. नुसते तिचे ओले ओठ गूळ शोधत माझ्या तळव्यावर फिरत राहतात.