स्लीव्ह, बायपास आणि आमची मिसरी

माझं वजन एकशे चौदा किलो आहे हे मला कळायच्या आधी चौथीच्या वर्गाला कळलं. शाळेत आरोग्य तपासणी होती, व्हरांड्यात काटा मांडलेला, आणि पोरं मागं लागली, "बाई, तुमी पन! तुमी पन!" म्हटलं, घ्या, बाईला काय भ्यायचंय? चढले. पहिल्या रांगेतल्या पोरीनं वाकून आकडा वाचला, आणि असा खणखणीत वाचला की तिला वाचनाला पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. संध्याकाळपर्यंत आकडा गावभर. दूधवाला दारात म्हणतो, "बाई, उद्यापासून निम्मंच घालू का दूध?" मी म्हटलं, "तू पाणी घालायचं बंद कर, आपोआप निम्मं होतंय."

तोंडानं मी अशी फटकळ आहे, पण आतून घाबरले होते. वजनाला नव्हे, साखरेला. मुरुमला माझं माहेर. तिथं माझ्या आईचा पाय साखरेनं गेला. अंगठ्याला साधी ठेच लागली, ती चिघळली, आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय, आणि वर्षाच्या आत आई. मला आईच्याच वयात साखर लागली. एका गोळीच्या तीन गोळ्या झाल्या, मग रोज पोटावर सुई टोचून घ्यायची वेळ आली. अंघोळ झाली की मी स्टुलावर बसून, आरसा जमिनीला धरून स्वतःचे तळपाय बघायची. सेहेचाळीस वर्षांची बाई आरशात तळपाय बघतेय. हसायचं तर हसा, मला हसू यायचं नाही. मला आईसारखं जायचं नव्हतं.

शेजारच्या शाळेतल्या एका बाईंनी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेल्या त्या दिवाळीपर्यंत निम्म्या झाल्या. त्या म्हणाल्या, "स्लीव्ह करा. सोपं असतंय. चार दिवसांत घरी." आम्हा मास्तर लोकांचं सगळं मे महिन्यात असतं. लग्न, बांधकाम, मोतीबिंदू, मूळव्याध. रजा वाया जाऊ नये म्हणून आम्ही दुखणंसुद्धा सुट्टीपर्यंत धरून ठेवतो. मीही ठरवलं, मे महिना, स्लीव्ह, आणि जूनला नवीन पंजाबी ड्रेस.

आमचे मालक म्हणाले, "त्यापरीस शेतात ये की रोज. हातात खुरपं घे. काय पोट कापायचं लावलंस!" मी म्हटलं, "तुम्ही रोज जाता शेतात, तुमचं पोट कुठं गेलंय?" मालकांनी सदरा खाली ओढला आणि बैल बघायला गेले.

सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांना मी आत्या म्हणते. बोलायला त्या माझ्याहून वस्ताद, पण ऑपरेशनचा विषय निघाला की नुसत्या माझ्याकडं बघत राहायच्या.

आता मिसरीचं सांगायला हवं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची. भाजताना घरभर ठसका उठतो, मालक शिंकत अंगणात जातात. मग ती कुटायची, चाळायची, डबीत भरायची. सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन दातांना लावायची आणि अर्धा तास गप्प बसायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आत्यांनी डबी माझ्यापुढं केली. मला माहेरचीच सवय होती, पण नव्या नवरीनं मागायची कशी? त्यांनी ओळखलं. त्या दिवसापासून सव्वीस वर्षं आम्ही दोघी रोज सकाळी आणि शाळेतून आल्यावर पुढच्या पायरीवर शेजारी शेजारी बसतोय. तोंडात मिसरी असली की भांडता येत नाही. आमचं पटलं ते त्यामुळंच असं मालक म्हणतात.

आणि त्याच तोंडानं मी शाळेत पोरांना तंबाखूमुक्तीची शपथ देत होते. पोरं हात पुढं करून म्हणायची, मी पुढची ओळ सांगायची. मला त्यात काही खोटं वाटायचं नाही, देवाशपथ. तंबाखू म्हणजे बाप्यांच्या खिशातली, चुना लावून चोळायची. मिसरी म्हणजे दात घासणं. आमच्याकडची कुठलीही बाई तुम्हाला हेच सांगेल.

मार्चमध्ये सोलापूरला गेले. ज्वारी काढणीला आलेली, मालकांना रान सोडता येईना, म्हणून सोबत आत्या. नळदुर्गला एसटी ढाब्यापाशी थांबली तर म्हणतात, "भजी खाऊन घे. पुन्ना मिळतील न मिळतील." म्हटलं, वा, काय धीर देताय!

डॉक्टर बाई तिशी-पस्तिशीच्या, बोलायला गोड. आधीच करून घेतलेल्या दुर्बिणीच्या तपासणीचे कागद त्यांच्यापुढं होते. म्हणाल्या, "छातीत जळजळ होते ना? दोन उशा घेऊन झोपता?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अन्ननलिका आतून सोललीय. स्लीव्ह म्हणजे पोटाच्या पिशवीचा मोठा भाग कापून काढायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. ऑपरेशन तसं सरळ आहे, पण तुमची जळजळ त्यानं वाढू शकते. बायपासमध्ये वर एक छोटी वाटीएवढी पिशवी ठेवतो आणि आतडं खालून आणून तिला जोडतो. जळजळीला ते बरं. आणि तुमची साखर बघता मला तेच योग्य वाटतं."

त्यांनी कागदावर चित्र काढलं. मला लगेच कळलं. वरच्या वाफ्यांना पाणी न देता पाट फोडून थेट खालच्या वाफ्यात सोडायचा, तसं. आत्याही मान वाकवून बघत होत्या.

"पण बायपासची पथ्यं कडक," डॉक्टर म्हणाल्या. "लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून उठसूट गोळी आणायची नाही. आणि तंबाखू बिलकूल नाही. जिथं जोड देतो तिथं तंबाखूनं जखम होते. ती फुटली तर जिवावर बेततं. काही सवय आहे? तंबाखू, गुटखा?"

"छे हो," मी म्हणाले. "मी शिक्षिका आहे."

शेजारून आवाज आला, "डॉक्टरीनबाई, मिसरी लावतो की आमी. ही बी आन म्या बी. सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "मावशी, बरं झालं सांगितलंत." मग माझ्याकडं वळल्या. "बाई, मिसरी म्हणजे तंबाखूच. ती दोन्ही ऑपरेशनांना वाईट, पण बायपासचा जोड तिला माफ करत नाही. तीन महिने पूर्ण बंद करा. मी तपासून घेईन, मग तारीख देईन. आणि नंतरही कधीच नाही."

तीन महिने म्हणजे जून. जूनला शाळा. म्हणजे माझी सुट्टी गेली, ऑपरेशन गेलं, आणि अब्रू गेली ती वेगळीच. सोलापूरच्या स्टँडवर मी आत्यांना म्हटलं, "तुमच्या तोंडाला कुलूप नाही का हो? परक्या बाईपुढं माझी लाज काढलीत." त्या म्हणाल्या, "इच्यारलं त्यांनी." मी म्हटलं, "मला विचारलं होतं!" तिथून पुढं मी अबोला धरला.

सव्वीस वर्षांत आमचा अबोला दोन दिवसांवर गेला नव्हता. हा महिनाभर चालला. मालक मध्ये पोस्टमन झाले. "आई म्हणती मीठ जास्त पडलंय." "आईला सांगा, पाणी घालून घ्या म्हणावं." सकाळी आत्या पायरीवर बसायच्या आणि मी डबी घेऊन मागच्या न्हाणीपाशी. होय, लावत होते. पाचव्या दिवशी सोडून बघितली. डोकं फुटायची वेळ आली, शाळेत एका पोराला उगाच धपाटा घातला, आणि घरी येऊन दुप्पट लावली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे दात घासणं नव्हे. दात घासायचं राहिलं म्हणून कुणाचे हात थरथरत नाहीत.

कळलं, पण वळलं नाही. एप्रिलात मी प्रशिक्षण आहे असं घरी सांगून लातूर गाठलं. मास्तरला बाहेर जायचं तर प्रशिक्षणासारखं दुसरं कारण नाही, कुणी उलटून विचारत नाही. तिथल्या दवाखान्यात मी शहाण्यासारखी बोलले. स्लीव्ह नको, मला जळजळ आहे. बायपास करा, साखर आहे. सगळं सोलापुरात शिकलेलंच. डॉक्टरांनी कौतुकानं बघितलं. "तंबाखू?" मी म्हटलं, "नाही." यावेळी मला ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय, आणि आवाज तसूभर हलला नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. येताना मनाशी म्हटलं, आदल्या दिवशी सोडू. एवढ्या बायका लावतात, सगळ्या मरतात होय?

सहीला माणूस लागणार, म्हणून मालकांना सांगावं लागलं. ते भोळे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आनंदानं आईला सांगून मोकळे, "तारीख मिळाली गं, लातूरला! तिथं काय न्हाय म्हणं मिसरी-फिसरीचं." आणि रानात निघून गेले.

मी भाकऱ्या थापत होते. आत्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मिसरीचं त्यांला सांगितलंस का?"

मी पीठ मळत राहिले.

"बोलू नगंस," त्या म्हणाल्या. "पर आईक. तुझ्या आईचा पाय कापला तवा तू तिच्या उशाला बसलीवतीस. तुला सांगितलं पाय दवाखान्यानं नेला म्हनून. न्हाय नेला. पिशवीत घालून आमच्या हातात दिला, न्हेऊन पुरा म्हनले. तुझा भाऊ पिशवीला हातच लावंना, भितीला टेकून रडाय लागला. मग म्या उचलली. मुरुमच्या मसनवट्यात म्या न्हेऊन पुरला तुझ्या आईचा पाय. लई जड व्हता गं. बोटात जोडवं तसंच व्हतं."

माझे हात परातीत तसेच राहिले. बारा वर्षं झाली होती आईला जाऊन. बारा वर्षं ही बाई माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि एक शब्द बोलली नाही.

"मला का नाही सांगितलंत?" माझा अबोला तिथं सुटला.

"सांगून काय करनार व्हतीस? तुझी आई व्हती ती. म्या एक पाय पुरलाय. सगळी तू न्हाय पुरनार म्या. माझ्याशी जन्मभर बोलू नगंस, चालंल मला. सोलापूरला नाक कापलं म्हन, भांडकुदळ म्हन. पर तू माझ्या म्हागं जायाचं. आधी न्हाय."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. रागच आला होता आधी, हे खरं. म्हटलं, तुम्ही काय मला धमकी देताय, माझं पोट, माझा जीव. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली तरी दोघींपैकी कुणी उतरवली नाही. मग मी हात धुतले, फोन घेतला आणि लातूरला लावला. पलीकडं दवाखान्यातली तारखा देणारी मुलगी होती. मी म्हटलं, "मी खोटं बोलले. मी लहानपणापासून तंबाखू लावते. रोज, दोन वेळा." मिसरी म्हणाले नाही. तंबाखू म्हणाले. स्वतःबद्दल तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. ती मुलगी म्हणाली, "मग मॅडम, तारीख पुढं ढकलावी लागेल." म्हटलं, "ढकला नाही, काढूनच टाका. मी सोलापूरला जाणार आहे, तिथं माझं सगळं ठाऊक आहे त्यांना."

फोन ठेवला आणि चुलीपाशीच बसून रडले. आईसाठी रडले, पायासाठी रडले, सुट्टी गेली म्हणूनसुद्धा रडले. आत्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. सत्तरी उलटलेली बाई, गुडघे वाजत होते. म्हणाल्या, "रड. पर उद्या सकाळी तू डबी मागनार, आन म्या देनार न्हाय. मग तू मला शिव्या देशील."

दिल्या. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला बायपास झालं, पण त्याआधीचे पहिले चाळीस दिवस मी त्यांना रोज सकाळी शिव्या दिल्या. तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी एकही उलटून दिली नाही. पदरानं तोंड पुसत म्हणायच्या, "दे. जितकं मनात हाय तितकं दे. तेवढा तुझा आवाज घरात ऱ्हाऊ दे."