जोडावरचा थेंब

माझ्या दादाला कारखान्यात सगळे उस्ताद म्हणायचे, आणि त्याला ते फार आवडायचं. आवडू दे. पण उस्तादाची बहीण आणि उस्तादाच्या हाताखालच्या माणसाची बायको, असं दोन्ही एकदम होणं काय असतं, ते माझ्याकडून ऐका.

औषधाचा कारखाना. तिथे मोठ्या टाकीत जिवंत पेशी वाढवतात. त्या पेशी औषध तयार करून भोवतीच्या पाण्यात सोडतात. मग पेशी एकीकडे आणि औषधाचं पाणी दुसरीकडे करायचं, डेअरीत दुधातून साय काढतात तसं यंत्रात गरागरा फिरवून. या कामाला तिथे हार्वेस्ट म्हणतात. दादाचं यंत्र स्टीलचं होतं. दर वेळी ते सगळं खोलायचं, एकेक तबकडी धुवायची, रबराच्या रिंगा बसवायच्या, पुन्हा आवळायचं. दादाच्या हाताला त्यातलं सगळं कळायचं, हे मी नाकारत नाही. यंत्र सुरू झालं की रिंगेजवळ एखादा थेंब यायचाच. नवी माणसं घाबरायची. दादा म्हणायचा, "फिरू दे जरा. गरम झाली की रिंग बसते." आणि बसायची. त्या एका वाक्यावर त्याने अर्धं आयुष्य काढलं. घरीसुद्धा तेच. आईचं दुखणं असो, वहिनीचं रडणं असो, माझं लग्न लांबणं असो, दादाचं उत्तर ठरलेलं: बसेल आपोआप.

शेवटी माझं लग्न त्यानेच जुळवलं. आमच्या ह्यांना कामालाही त्यानेच लावलं, स्वतःच्या हाताखाली. हे उपकार तो कधी विसरला नाही आणि आम्हालाही विसरू दिले नाहीत.

मग स्टील गेलं आणि प्लास्टिक आलं. जाडसर पिशवी, तिला नळ्या, सगळं निर्जंतुक होऊन बंद पाकिटात येतं. यंत्राच्या पोटात पिशवी बसवायची, नळ्या जोडायच्या, एक हार्वेस्ट करायचं आणि सगळं काढून जाळायला पाठवायचं. धुणं नाही, खोलणं नाही. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "एवढी चांगली वस्तू एकदाच वापरायची? बापजन्मी असलं पाहिलं नाही," म्हणायचा. आमचे हे मात्र ते मन लावून शिकले. पिशवीला घडी पडता कामा नये, नळीला पीळ बसता कामा नये. आणि मुख्य म्हणजे जोडावर ओल दिसली की तिथल्या तिथे थांबायचं, कारण प्लास्टिकचा जोड सुटायला लागला की सुटतच जातो. शिकवायला आलेल्या बाईंनी हे दादालाही सांगितलं होतं. दादा मान हलवत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो आमचा दादा.

त्या दिवशी पिशवी ह्यांनी बसवली, यंत्र दादाने सुरू केलं. खोलीत दोघंच. फिरायला लागलं तसा ह्यांना नळीच्या जोडावर थेंब दिसला.

"दादा, बंद करा. ओल आहे."

दादाने वाकून बघितलं, बोटाने थेंब पुसला. "फिरू दे. बसेल."

"ही रिंग नाही हो, दादा."

"मला शिकवताय का जावईबापू?"

ह्यांनी हात मागे घेतला. वेग चढला आणि पिशवी जोडापाशी फाटली. कित्येक दिवस वाढवलेला माल यंत्राच्या पोटात आणि फरशीवर. बंद करायचं बटण ह्यांच्याही हाताशी होतं. ते का दाबलं नाही म्हणून मी पुढे खूप भांडले. बायकोच्या मोठ्या भावाचा हात बाजूला सारून बटण दाबणं ह्यांना जमलं नाही, एवढंच.

चौकशीत साहेबांनी मुद्द्याचं विचारलं: सुरू करताना ओल होती का? होती, तर चालू ठेवणाऱ्याची चूक. नव्हती, तर पिशवी बसवतानाच घडी पडली असणार, म्हणजे बसवणाऱ्याची. दादा म्हणाला, "ओल नव्हती. मी स्वतः वाकून बघितलं." ह्यांनी खरं ते एकदा सांगितलं, पण उस्तादापुढे ह्यांचं कोण ऐकणार? दुसऱ्यांदा विचारल्यावर मूग गिळून बसले. ह्यांना काढून टाकलं. दादा राहिला.

घरी येऊन ह्यांनी मला सगळं सांगितलं. मी चपला घालून दादाकडे निघाले, तर हे दारात आडवे आले. "तुझा भाऊ आहे तो," म्हणाले. आपलंच नाणं खोटं, मग कुणाला काय बोलणार? पण वर्षभर मी त्या घरची पायरी चढले नाही. हे मिळेल तिथे राबले, कधी गोदामात, कधी कुणाच्या गाडीवर. माल वाया घालवणारा म्हणून नाव झालेलं, त्या धंद्यात कुणी दारात उभं करेना. रात्री जेवताना बोलणंच बंद झालं होतं ह्यांचं. मला नुसता त्यांच्या नावावरचा डाग पुसून हवा होता, बाकी काही नको होतं.

परवा दादा स्वतःच आला. खुर्चीत बसला, पाणी प्यायला. "साहेबांशी बोललोय," म्हणाला. "वापरलेल्या पिशव्या गोळा करून जाळायला पाठवायचं काम आहे. कायमचं. मी शब्द टाकलाय."

माझं डोकं सणकलं. "कामाचं नंतर. आधी माझ्यासमोर एकदा म्हण की थेंब होता. बाहेर कुणाला सांगणार नाही मी."

दादाने माझ्याकडे सरळ बघितलं. "अगं, नव्हताच. वाकून बघितलं होतं मी."

लहानपणापासून त्याचं खोटं मला त्याच्या कानांवरून कळतं. थाप मारली की कान लाल होतात. मी बघत राहिले. कान होते तसेच होते. वर्षभरात ह्या माणसाने स्वतःलाच पटवून टाकलं होतं.

मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही बघितला होता ना?"

हे दादापुढे चहा ठेवत होते. कप ठेवला, बशी सरळ केली.

"नसेल गं," म्हणाले. "मलाच भास झाला असेल."

दादाने चहा घेतला, आणि सोमवारी किती वाजता यायचं ते ह्यांना सांगितलं.