इगतपुरीकडच्या घराचं कनेक्शन

ओल्या पत्र्याचा वास आला की मला इगतपुरीजवळचं ते घर आठवतं. तिथे मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून मी छपरावर इंटरनेटचा अँटेना बसवायला गेलो होतो. घरातले म्हातारे वडील म्हणाले, "भाऊ, पोरगा परदेशात वारला. आज तिकडंच त्याला अग्नी देणार हायेत. त्याच्या आईला तेवढं बघू द्या." ज्याच्याकडे अँटेना वळवायचा, तो टॉवर धुक्यात दिसत नव्हता. अंदाजाने अँटेना फिरवत राहिलो तेव्हा कुठे सिग्नल मिळाला, पण वाऱ्याने अँटेनाचा खांब हलला की मोबाइलवरचं चित्र थांबायचं. शेवटी मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. खालून आईचा आवाज आला, "किती वाळलाय माझा लेक." बऱ्याच वेळाने वडील अंगणात येऊन म्हणाले, "सोडा आता. झालं." आजही कुणी खालून "नेट लागलं" म्हणून सांगितलं, तरी माझे हात खांब लगेच सोडत नाहीत.