पाव्हण्याची तब्येत

“पाव्हण्याची तब्येत बरी न्हाई,” एवढं बोलून पटक्याचा शेमला तोंडावर ओढायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचं, अशी त्या म्हाताऱ्याची तऱ्हा.

मी भोकरदनची, शहरातल्या दवाखान्यात स्कॅनचं मशीन चालवते. हे आमच्याच तालुक्यातल्या केदारखेड्याचे, मेंढरंवाले. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “पाहुण्यांना आणलंय का?”

“आणलंय की. त्येन्ला घरी ठिवून कसं येनार?”

“मग बोलवा आत.”

म्हातारा मान वर करीना. मी अतिशहाणी, बाहेरच्या बाकावरून भलत्याच माणसाला पाहुणा समजून आत घेऊन आले. तो बिचारा बायकोच्या तपासणीला आला होता. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कॅन्सर म्हाताऱ्यालाच आहे, लिंगाचा, आणि पाव्हणं म्हणजे तेच. आता तुम्हीच सांगा, हसू दाबायचं तरी किती?

“इथं एखादा बाप्या न्हाई का?”

“मशीन मीच चालवते, बाबा. लाजू नका, मी भोकरदनचीच.”

“आरं देवा! मंग तर बिलकुल न्हाई!”

स्कॅनआधीचं औषधाचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं, मी पडद्याआड थांबले. मग बाबांना समजावलं, की हे औषध आजाराच्या जागेवरून जांघेतल्या ज्या गाठीत आधी पोचतं, ती पहारेकरी गाठ. कॅन्सर पसरला असेल तर पहिला तिथंच सापडतो. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या गाठींना हात लावायचा नाही. नाहीतर सगळ्या काढाव्या लागतात, आणि मग पाय सुजतात, कधी कधी जन्मभर.



“मंग मेंढरामागं कसं चालावं, बाई? नुसतं जगून काय करू?”

“आधी सरळ झोपा!” मी खेकसले. राग कसला, मला रडू येत होतं.

मशीनच्या स्क्रीनवर दोन्ही जांघांत एकेक ठिपका उजळला. पडदा मधे धरून मी शाईनं खुणा केल्या, आणि म्हातारा परत रंगात आला. “आमी मेंढराला गेरू लावतो, तसंच की! आता हरपलो तर मालकाला बराबर सापडंन.”

ऑपरेशन झालं. दोन्ही गाठी स्वच्छ निघाल्या. पाव्हण्यांचा थोडा भाग गेला. “जरा वाळले,” एवढंच म्हातारा म्हणाला.

पुढं एकदा मी जालन्याहून घरी येत होते. केदारखेड्याजवळ बस थांबली. रस्ताभर मेंढरं, ड्रायव्हरचा हॉर्न चालू, आणि मधोमध आमचे पाव्हण्यावाले बाबा. खिडकीत मला बघितलं अन् दोन्ही हातांनी धोतर वर उचलायला लागले.

“बाबा, नको!” मी भर बसमध्ये किंचाळले.

गुडघ्यापाशी हात थांबले. खाली धुळीनं माखलेल्या, काटकुळ्या पिंढऱ्या.

“बघ बाई, सूज न्हाई!”

बस निघाली तरी ते तसेच धोतर धरून उभे होते.