एक्सलचा शेवटचा बोल्ट

खोमार स्वेनन आणि मी जस्ताच्या कारखान्यात निवृत्तीपर्यंत एकाच भट्टीवर होतो. अर्धवट झालेलं काम तो कधी पुढे रेटायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून करायचा. त्यापायी कित्येकदा आमची जेवणाची सुट्टी गेली.

निवृत्तीनंतर त्याच्याकडे एकच काम उरलं, मुलगी वेर्ला हिच्या जुन्या डर्ट बाइकचे पुढचे शॉकअप. बाइक वेर्लापेक्षा वयाने मोठी. आमच्या केम्पन भागातल्या वाळूत पुढचं चाक रुततं, म्हणून त्याने स्प्रिंगवर नळीचा तुकडा बसवला आणि तेल जाड घातलं. शॉकअपच्या दोन्ही पायांत तेल सारखं हवं. सळई घालून मोजायचा, कॉफी पिऊन आला की परत मोजायचा. त्याची बायको लुटगार्ड म्हणायची, "मला पसंत करताना एवढं बघितलं नव्हतंस."

चाक बसवायची त्याची रीत ठरलेली होती. आधी एक्सलचा नट. एक्सलला पकडणारे खालचे बोल्ट सैलच. मग पुढचा ब्रेक धरून हँडल दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. शॉकअपचे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात. त्यानंतरच ते बोल्ट आवळायचे. न दाबता आवळले तर पाय तिरके अडकतात, शॉकअप खाली जातो आणि खालीच राहतो. पुढचा खड्डा थेट मनगटात येतो.

वेर्लाच्या डाव्या मनगटात हाड मोडल्यामुळे वसंतापासून धातूची पट्टी होती. ती फरशा बसवते. हाड तिथेच परत मोडलं तर थापी विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती शरद ऋतूतल्या शेवटच्या शर्यतीला उतरली. पहिली फेरी जिंकली. दुसरीत दुसरी आली असती तरी जुन्या गाड्यांचा कप तिचाच होता.

दोन फेऱ्यांच्या मधे पुढचं चाक पंक्चर झालं. मी गाडी धरली, खोमारने ट्यूब बदलली. सुरुवातीच्या रेषेवरून उर्बेन ओरडत होता, की स्वेनन घराण्याला वेगळं आमंत्रण पाठवायचं का. एरवी तो बेकरी चालवतो, शर्यतीला गाड्या सुटायच्या आधी इशाऱ्याची पाटी धरतो. खोमारने चाक चढवलं, सगळं आवळलं. वेर्ला गाडी घेऊन गेली.

खोमार फडक्याने हात पुसत होता. पुसता पुसता हात थांबले.

रेषेवर वेर्लाने सवयीने हँडल दाबलं. गाडीचं नाक खाली गेलं. वर आलं नाही.

उर्बेनची पाटी वर गेली होती. पाटी वर गेल्यावर बाहेरच्या कुणी गाडीला हात लावला, तर तो स्वार फेरीतून बाद. हा नियम क्लबात सगळ्यांना पाठ आहे. खोमार दोरीखालून वाकून आत शिरला आणि धावला. त्याला धावताना मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं. वेर्लाच्या चाकापुढे उभा राहून त्याने हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"बाबा, सरका!"

"बंद कर."

"अहो, बाजूला व्हा, पाटी वर आहे!"

"दिसतेय. बंद कर."

उर्बेनने पाटी खाली घेतली. खोमारला काय झालंय ते त्याला कळेना. खोमार म्हणाला, "नियमाप्रमाणे कर. बाद कर तिला."

बाकीच्या गाड्या सुटल्या. आमच्या अंगावर वाळू पडली.

वेर्ला आमच्या व्हॅनपाशी आली, हेल्मेट गवतात फेकलं. सगळे ऐकत होते.

"कप हातात होता माझ्या."

"दाब," खोमार म्हणाला.

तिने उजव्या हाताने हँडल दाबलं. शॉकअप खाली जाऊन तिथेच राहिला. मग तिने डावा हात ठेवून अगदी हलकेच दाबून पाहिलं. खालून काहीच दाद नाही. तिने हात काढून घेतला आणि मनगट पोटाशी धरलं.

"बोल्ट कुणी आवळले?"

घाई होती, असं मी म्हणणार होतो. खोमारने मला बोलू दिलं नाही.

"मी. न दाबता."

वेर्लाने हात पुढे केला. त्याने पाना दिला. तिने बोल्ट सैल केले, ब्रेक धरला आणि हँडल हिसडलं. शॉकअप सुस्कारत वर आला. तिने परत दाबलं, परत, लागत होतं त्याहून जास्त वेळा. पाइनच्या झाडांपलीकडे दुसरी फेरी चालू होती, आवाज येत होता. तिने तिकडे मान वळवली नाही. बोल्ट आवळले.

"यापुढे शेवटचा बोल्ट माझा," ती म्हणाली.

खोमारने मान हलवली. फडकं घडी करून खिशात घातलं.

"तेल मीच मोजणार."

"मोजा," ती म्हणाली. पाना तिने त्याला परत दिला नाही.