महादेवीअक्काची हीर

सरकारी ऑफिसात फाइल एकाच टेबलावर पडून राहिली की साहेब ओरडतात. किस्से मात्र वर्षानुवर्षं साचले तरी कुणी जाब विचारत नाही! मी कृषी सहायक. राहतो सोलापुरात, शुक्रवार पेठेत. नोकरी अक्कलकोटकडच्या खेड्यांत. ज्या शेतकऱ्यांपर्यंत सरकार आजवर कधी नीट पोचलंच नाही, त्यांच्या योजना माझ्याकडे. म्हणजे गावाबाहेरच्या वस्त्या, एकट्या बायका, तुकडाभर जमिनीचे मालक. संध्याकाळी कट्ट्यावर टेकलो की मित्र विचारतात, "आज काय नवीन?" मग सांगावंच लागतं.

*

एका वस्तीवर बायकांना शेळ्या वाटल्या. प्रत्येक शेळीच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला. काही महिन्यांनी तपासणीला गेलो, तर शेळ्या चांगल्या गुबगुबीत, पण एकीच्याही कानात बिल्ला नाही.

आमचे साहेब कोकणातले आणि स्वभावानं घाबरट. त्यांना वाटलं, खऱ्या शेळ्या विकल्या आणि दुसऱ्याच दाखवतायत! "बिल्ले कुठायत?" त्यांचा आवाजच चिरकला.

एक आजी उठून घरात गेल्या. पत्र्याच्या पेटीतून फडक्यात बांधलेले सगळे बिल्ले घेऊन आल्या.

"अहो आजी, हे शेळीच्या कानात पाहिजेत!"

"शेळी काट्याकुट्यात फिरती, साहेब. सरकारी वस्तू हाय. हरवली तर तुमीच ओरडणार की!"

साहेबांनी बिल्ले मोजायचे सोडून चहा मागितला.

*

महिला शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. बॅनर लागला, मांडव घातला, नाश्त्याची ऑर्डर गेली. सकाळी बघतो तर मांडवभर पुरुष!

साहेबांनी पहिल्या रांगेतल्या एकाला उठवलं. "हे प्रशिक्षण कुणासाठी आहे?"

"बायकांसाठी."

"मग तुमच्या मंडळी कुठायत?"

"त्यांना सवड कुटं हाय साहेब? शेतातलं काम कोन करनार?"

उपमा मात्र एकानंही सोडला नाही.

*

सीमेजवळच्या एका गावात सगळे कानडी बोलणारे. साहेबांना कानडीतलं ओ की ठो कळत नाही. म्हणून आमचा ड्रायव्हर शिवाप्पा दुभाषा. तो मूळचा तिकडचाच.

साहेब ठिबकवर बोलायला उभे राहिले आणि थांबेचनात. पाण्याची बचत, खताची मात्रा, सगळं झालं. शेवटी शिवाप्पाला म्हणाले, "आता हे यांच्या भाषेत सांग."

शिवाप्पा पुढं आला. "एल्लारू हूं अन्री!"

सगळा गाव एका सुरात म्हणाला, "हूं!"

साहेब खूश. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बघितलंस? विषय पोचला!" शिवाप्पानं फक्त एवढंच सांगितलं होतं, सगळ्यांनी 'हो' म्हणा.

*

आता महादेवीअक्का. नवरा गेलेला, मुली सासरी, वडिलांकडून आलेलं दोन एकर जिराईत रान. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांच्या योजनेतून त्यांना विहीर मंजूर झाली. अट अशी की मार्चअखेर काम संपलं पाहिजे, नाहीतर मंजुरी गेली.

जागा ठरवायला साहेब आणि माझ्याबरोबर भूजलवाले आले. त्यांच्या मशीननं ओढ्याकडचा कोपरा दाखवला. गावातला पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरला, त्याचा नारळ लिंबाखाली उभा राहिला. दोघांची चांगलीच जुंपली.

अक्का दोघांना सोडून रस्त्याच्या कडेला, उंचवट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. "हितं खांदा."

"अहो, इथं पाणी असलं तरी फार खोल असणार," भूजलवाले म्हणाले.

"असू द्या. पर माजी हीर रस्त्यावरनं दिसाय पाहिजे."

साहेबांनी कारण विचारलं. अक्कांनी शेजारच्या रानाकडं बोट केलं. ते अण्णांचं, गावातले मोठे बागायतदार. तिथं त्यांची जुनी दगडी विहीर. "आमाला त्या हिरीला हात लावायची मनाई हुती. माजी आय कडंला घागर घेऊन बसायची. अण्णांच्या घरचं कुनी आलं तर वरनं पानी वाढायचं. न्हाय आलं तर तशीच घरी. मी बी बसलीया तिच्यासंगं."

साहेब घाबरट खरे, पण त्या दिवशी त्यांनी त्या उंचवट्यावर उभं राहूनच जागेच्या कागदावर सही केली. मला तेव्हा त्यांचा फार आदर वाटला.

*

विहीर सुरू झाली. आधी मुरूम, मग काळा कातळ. सुरुंग लावले तरी थेंब नाही. रस्त्यावरून एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं रोज गाडी थांबवून विचारायची, "अक्का, लागलं का?" एकदा अक्का वैतागल्या. "लागलं की भोंगा वाजवते, जा आता कामाला!"

मार्च उजाडला तशी साहेबांची झोप उडाली. विहीर कोरडी राहिली तर अक्कांच्या पदरी नुसता खड्डा, आणि जागा साहेबांच्या सहीची! एका गुरुवारी ते गाडी काढून थेट अक्कलकोटला गेले आणि स्वामींना नवस बोलून आले. परतताना त्यांना आठवलं, लॉगबुक भरायचं राहिलंय.

"शिवाप्पा, दौऱ्याचं कारण काय लिहायचं रे?"

"'विहिरीच्या कामाचा वरिष्ठ पातळीवर पाठपुरावा' लिहा की!"

साहेबांनी तेच लिहिलं.

*

मार्च संपायच्या आत पाणी लागलं, आणि लागलं ते चांगलं पुरुषभर. अक्कांनी आम्हाला बोलावलं. काठाला हळदकुंकू, नारळ, सगळी वस्ती गोळा झालेली. कडेला नवी बादली आणि दोरी. अक्का मुरमाच्या ढिगावर बसलेल्या.

तेवढ्यात आपल्या रानातून अण्णा आले. सत्तरीपुढचे, पांढरी टोपी, उन्हानं घामाघूम. लोकांनी आपोआप वाट दिली. अण्णा काठावर आले आणि आत वाकून बघत राहिले.

"लई पानी लागलं की गं, महादेवी."

"व्हय, अण्णा."

"ऊन लई हाय. घोटभर दे की."

वस्तीतली दोघं तिघं लगेच बादलीकडं धावली. अक्कांनी हात आडवा केला. ढिगावरून उठल्या मात्र नाहीत.

"माज्या हिरीवर कुनी कुनाला वाढत न्हाय, अण्णा. ज्यानं त्यानं ओढून प्यायचं."

साहेब माझ्याकडं बघायला लागले, मी शिवाप्पाकडं.

अण्णांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि दोरी हातात घेतली.